डबा नको, पिशवी घे

कोरियातल्या तेगू शहरात, हत्यारांच्या गल्लीत शनिवारी सकाळी नवरा-बायकोची भांडणं हमखास बघायला मिळतात, आणि ती बहुतेक ड्रिलवरून असतात. नवऱ्याला मोठं हवं असतं, बायको म्हणते घरी धूळ खात पडलंय ते आधी वापरा. शिम मावशीनं या गल्लीतल्या आपल्या दुकानात उभं आयुष्य काढलं होतं. अशा वेळी कधी मध्ये बोलायचं आणि कधी हातमोज्यांचे गठ्ठे लावत बसायचं, हे तिला बरोबर कळायचं. पण आजचं जोडपं उलटं निघालं. बायको भलामोठा लाल डबा पोटाशी धरून उभी होती आणि नवरा हातात कमरेची पिशवी घेऊन तिच्याभोवती फिरत होता.

“डबाच चांगला आहे,” सुनिम म्हणाली. “दुमजली आहे बघा. वरच्या मजल्यावर कटर, पट्ट्या, कात्री. खाली ब्रश आणि रोलर. झाकण पण कसं घट्ट लागतं.”

“जड आहे,” दालहो म्हणाला.

“रिकामा तर आहे. रिकामा डबा जड कसा असेल?”

“रिकामाच जड आहे, मग भरल्यावर काय होईल त्याचं?”

“तुम्हाला कुणी उचलायला सांगितलंय?”

हे तिच्या तोंडून निसटलं आणि तिला लगेच वाईट वाटलं. दालहोनं पिशवीचं बक्कल उघडून बघितलं, मिटून बघितलं, जणू दुकानात तो तेवढ्यासाठीच आला होता.

सुनिम आणि दालहो घरांना कागद लावायचे, भिंतींना आणि छतांना. या धंद्यात नवरा-बायकोच्या जोड्या पुष्कळ. बहुतेक जोड्यांत नवरा फळी टाकलेल्या घोडीवर चढून छताला कागद चिकटवतो आणि बायको खाली खळ लावून, घड्या घालून वर देते. यांचं उलटं होतं. दालहो एवढा उंचापुरा, पण मान वर केली की त्याला गरगरायचं. आणि सुनिम, जी जेमतेम त्याच्या खांद्याला लागायची, ती घोडीच्या वीतभर फळीवरून अशी चालायची की बघणाऱ्यानं खालून हात पुढे करावेत. सुरुवातीला धंद्यातली माणसं हसली. नवऱ्याला खाली ठेवून बायको वर चढते म्हणजे काय, वगैरे. मग त्यांनी तिची छतं बघितली आणि त्यांचं हसणं आपोआप बंद झालं.

वर ती, खाली तो. सुनिम छताकडून नजर न काढता उजवा हात मागे करायची आणि हातात हवी ती वस्तू यायची. कटर हवं असेल तर कटर, ब्रश हवा असेल तर ब्रश. मागावं कधीच लागलं नाही. बोलणं अखंड चालायचं, पण ते शेजारणीच्या कुत्र्याबद्दल, लेकीच्या सासूबद्दल, संध्याकाळी काय खायचं याबद्दल. हत्यारांबद्दल एक शब्द नाही. हत्यारं राहायची किमचीच्या, म्हणजे कोबीच्या लोणच्याच्या, एका जुन्या डब्यात. सुनिमच्या आईनं लग्नात दिलेला, तपकिरी, कडीला चिंधी गुंडाळलेला. त्यात काय कुठे आहे हे सुनिमला ठाऊक नव्हतं. कधी जरूरच पडली नव्हती.

यंदा वसंतात दालहोच्या किडन्यांनी हात टेकले. आता सोमवार, बुधवार, शुक्रवार तो इस्पितळात यंत्राला जोडून पडायचा. यंत्राच्या सुया टोचायला डॉक्टरांनी त्याच्या डाव्या हातात एक शीर जोडून दिली होती. त्या हातानं ओझं उचलायचं नाही, त्यावर पिशवी अडकवायची नाही, झोपेतसुद्धा तो अंगाखाली येऊ द्यायचा नाही. उन्हाळ्यात एका मंगळवारी, मधल्या सुट्टीच्या दिवशी, दोघांनी एक लहानशी खोली करून बघितली. दालहो दम खायला म्हणून खळीच्या बादलीवर बसला तो उठेना, आणि खळ लावून ठेवलेला कागद घडीतच वाळून गेला. सुनिमनं तो सोलून टाकला, नवा लावला, खाली उतरून स्वतःच घड्या घातल्या. घरी जाताना दोघंही त्या खोलीबद्दल बोलले नाहीत. नंतरही नाहीत.

मग ग्वाक ताईंचा फोन आला. ग्वाक ताईंची कागद लावणाऱ्या बायकांची टोळी होती. थंडी पडायच्या आधी गावात घरं बदलणाऱ्यांची झुंबड उडते. त्यातही पंचांगात ज्या दिवशी भुताखेतांची आडकाठी नसते त्याच दिवशी सगळ्यांना नव्या घरात पाऊल टाकायचं असतं, म्हणजे त्याआधी सगळ्यांच्या भिंती व्हायला हव्यात. ताईंना माणसं कमी पडत होती. फोन दालहोनं घेतला आणि सुनिमला न विचारता सांगून टाकलं, “येईल की. सोमवारपासून येईल.” सुनिमनं त्याच्याशी बोलणं टाकलं. पुन्हा बोलली ती एकदम ओरडायलाच.

“मला देऊन टाकलीत तुम्ही. जुनी सायकल देतात ना, घेऊन जा, पडूनच आहे, तशी.”

“तसं नाही.”

“मग कसं?”

दालहोला कधीच काही सांगता यायचं नाही. धंद्याची बावीस वर्षं त्याचं सगळं सांगणं तो तिच्या हातात ठेवत आला होता.

तर अशी ही शनिवारची खरेदी. टोळीत प्रत्येकीची हत्यारं प्रत्येकीची, त्यामुळे सुनिमला काहीतरी स्वतःचं घ्यावंच लागणार होतं. आणि डबा का हवा, हा तिचा हिशोब अगदी सरळ होता, फक्त तिनं तो कुणाला सांगितला नव्हता. कमरेला पिशवी बांधणारी बाई एकटी काम करते. डबा जमिनीवर ठेवावा लागतो, आणि जमिनीवरच्या डब्याशी कुणीतरी उभं राहावं लागतं. डबा घेतला, म्हणजे दालहो बरा व्हायची वाट बघता येत होती. या किडन्या आता बऱ्या होत नसतात, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. लेकीनं, उनबीनं, सुवॉनहून फोन करून पुन्हा नीट समजावलं होतं. सुनिमला ते समजलंही होतं. तरी डबा घ्यायला काय हरकत होती?

“हे बघा,” शिम मावशी शेवटी मध्ये पडली. तिनं दोघांपुढे कॉफीचे कागदी पेले ठेवले. दालहोनं आपला हळूच सुनिमकडे सरकवला, त्याला आता पाणीसुद्धा मोजूनमापून प्यावं लागायचं. “आधी पिशवी की डबा हे ठरवू नका. आधी आत काय जाणार ते ठरवा. ताई, तुमची हत्यारं आणलीयत ना?”

दालहोनं किमचीचा डबा उजव्या हातानं काउंटरवर चढवला आणि एकेक वस्तू काढून ओळीनं मांडली. सुनिम बघत राहिली. काही वस्तू तिनं या कोनातून कधी बघितल्याच नव्हत्या. तिच्या ओळखीच्या होत्या त्या त्यांच्या मुठी.

“कटर कुठलं वापरता ताई? लहान की मोठं?” मावशीनं विचारलं.

सुनिमनं दालहोकडे बघितलं.

“छताला लहान,” दालहो म्हणाला. “भिंतीला मोठं. खिडकीच्या कोपऱ्याला तिसरं, हे अरुंद.”

“मी तीन कटर वापरते?” सुनिम म्हणाली.

मावशीनं भुवई वर केली.

“कागद दाबायच्या पट्ट्या दोन,” दालहोचं चाललंच होतं. “एक मऊ, एक कडक. रोलर एक. आणि पात्यांना दोन कप्पे हवेत. एक नव्या पात्यांना, एक मोडलेल्या टोकांना. मोडलेल्यांचा जरा मोठा.”

“मोडलेल्यांचा मोठा कशाला?”

“दिवसाला ढीगभर होतात.”

“कुणाची?”

“तुझी.” दालहोनं लहान कटर उचललं, पातं पुढे सरकवलं आणि पक्कडीनं त्याचं टोक मोडून दाखवलं. बारीकसा आवाज झाला. सुनिमला तो आवाज पाठ होता. वर घोडीवर असताना तो सारखा ऐकू यायचा, आणि इतकी वर्षं तिला वाटत आलं होतं की दालहोला बोटं मोडायची सवय आहे. “ओल्या कागदाला बोथट पातं चालत नाही ना. फाटतो. म्हणून एक कागद कापून झाला की टोक मोडायचं. तू हात मागे करायच्या आत मोडून ठेवतो मी.”

“दर कागदाला?”

“दर कागदाला.”

सुनिमनं हातातला लाल डबा खाली ठेवला.

या धंद्यात तिला नाव होतं. सुनिमचा हात म्हणायचे लोक. कडेला कड अशी लागलेली, की छत एकाच कागदाचं वाटावं. पोरीबाळी विचारायच्या, काकू, कसं जमतं हो, आणि ती फार नम्रपणे म्हणायची, अगं काही नाही, हात बसला की जमतं. आतून मात्र तिला ठाऊक असायचं की हात सगळ्यांचाच बसतो, असा नाही बसत. बाकीच्या बायका पात्यांबद्दल कुरकुर करायच्या तेव्हा तिला त्यांची थोडी कीवसुद्धा यायची. तिचं पातं कधी अडलं नव्हतं. अडलं कसं असतं, खाली हा उभा होता.

“मी सोमवारी जाणार नाही,” ती म्हणाली.

“आता काय झालं?”

“काय झालं म्हणजे? मला काहीच येत नाही. बावीस वर्षं मला वाटतंय माझा हात चांगला आहे, आणि हात कसला, नवी पाती होती ती. ग्वाक ताईंच्या बायकांसमोर घोडीवर चढून मी काय करू? कुठलं कटर घ्यायचं हेसुद्धा मला मालकीणबाईंना सांगता आलं नाही.” तिचा आवाज फुटला, आणि तो फुटलेला तिला स्वतःलाच ऐकू आल्यावर ती दुकानाबाहेर पडली.

शिम मावशी दालहोकडे बघत म्हणाली, “जा दादा. सामान राहू दे इथे. आधी त्यांना काहीतरी खायला घाला.”

गल्लीच्या टोकाला रस्सा-भाताची खाणावळ होती. गावाची रीत अशी की भात वेगळ्या वाटीत, रस्सा वेगळ्या, ज्यानं त्यानं आपलं आपण कालवावं. दालहोला रस्सा वर्ज्य झाला होता. त्यानं आपली रश्श्याची वाटी तिच्यापुढे ठेवली, तिनं आपल्यातला थोडा भात त्याच्या भातावर घातला. हे दोघांनी भांडण चालू ठेवूनच केलं, म्हणजे एकमेकांकडे न बघता.

“उनबीची आई,” दालहो म्हणाला.

ती जेवत राहिली.

“उनबीची आई, एक सांगायचंय. रागावशील.”

“आत्ता काय हसतेय का मी?”

दालहोनं भाताचा घास तोंडात घोळवला, गिळला. बोलायचं म्हणजे त्याला काम पडायचं. “गेल्या हिवाळ्यात मी आजारी होतो. म्हणजे आपल्याला माहीत नव्हतं, पण होतो. सकाळी उठलो की तोंडाला लोखंडाची चव. अंगाला खाज. डोकं असं की तू बोलतेयस ते ऐकू यायचं, पण कळायचं नाही. उभा असायचो खाली, बस.”

“हे काय मला माहीत नाही? नंतर सांगितलं डॉक्टरांनी.”

“हे नाही सांगितलं.” त्यानं पाण्याचा पेला दूर सरकवला. “सुसोंगमधलं घर आठवतं? म्हाताऱ्या शाळामास्तरीणबाईंचं. फिकट कागद, नुसता पांढरा, त्यावर नक्षी नाही काही नाही. चूक झाली तर लपायला जागा नाही.”

सुनिमला ते घर चांगलंच आठवत होतं. त्या घरात कागदानं तिचा जीव काढला होता. कापायला घ्यावा तर ओढला जायचा, कडेला सुरकुतायचा, हट्ट करायचा. शेवटी तिनं कापायची पद्धतच बदलली होती. पातं जवळजवळ आडवं धरून, श्वास रोखून, एकेक वीत. संध्याकाळी खांदे भरून आले होते, आणि तिनं कागदाच्या कंपनीला यथेच्छ शिव्या घातल्या होत्या. हल्ली माल वाईट काढतात, लोकांना लुटतात, असं सगळं.

“त्या घरात मी एकदासुद्धा टोक मोडलं नाही,” दालहो म्हणाला.

तिचा चमचा थांबला.

“घरी आल्यावर कळलं. पात्यांचं पाकीट खिशात तसंच होतं, चिकटपट्टीसकट. दिवसभर तुला एकच बोथट पातं देत होतो मी. ते तरी ओळीनं दिलं का कोण जाणे. मऊ पट्टीच्या जागी कडक दिली असेल. काय दिलं, काय नाही, मला अजून आठवत नाही.”

“म्हणून कागद तसा करत होता?”

“म्हणून.”

“मी कंपनीला शिव्या घालत होते.”

“ऐकल्या की. मीपण दोन घातल्या.”

सुनिमला हसू आलं, पण ती अजून रागात होती, म्हणून तिनं ते रश्श्याबरोबर गिळून टाकलं. दालहो पुढे बोलला. आता त्याचा आवाज इतका खाली गेला होता की शेजारच्या टेबलावरच्या माणसांच्या गप्पांतून तिला तो वेचून काढावा लागत होता.

“रात्रभर झोप नाही लागली. वाटलं, छत वाळलं की सगळे सांधे तोंड उघडतील. दुसऱ्या दिवशी मी तिकडे गेलो. तुला म्हणालो बँकेत जातोय. बाईंना सांगितलं रोलर विसरलाय. आणि छताकडे बघत राहिलो. तुला माहितेय वर बघितलं की माझं काय होतं ते. तरी बघत राहिलो, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. भिंतीला हात टेकून. सांधा सापडला नाही.”

“एकही?”

“एकही नाही. मला ठाऊक होतं कुठे आहेत ते, मीच मापून दिले होते कागद. तरी सापडला नाही. बाईंना वाटलं मला भोवळ येतेय, त्यांनी मला बसवून पर्सिमनचं फळ कापून दिलं. चांगलं गोड होतं.” त्यानं वाटीतला शेवटचा भात गोळा केला. “पातं माझं असेल, अगं. हात तुझाच आहे. पातं मेलेलं होतं तरी हातानं काम केलं.”

सुनिमनं वाटी बाजूला सारली. हिवाळ्यापासून आत्तापर्यंत या माणसानं हे पोटात ठेवलं होतं. “तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“काय सांगणार? की मी खाली असलो काय, नसलो काय, तुला काही फरक पडत नाही?” तो वाटीकडे बघून बोलला. “म्हटलं, आणखी थोडे दिवस नको कळायला.”

या उंच, मुक्या माणसावर सुनिमचा जीव होता, आणि आत्ता तो इतका होता की तिथेच, खाणावळीत, त्याचं डोकं पोटाशी धरावंसं वाटलं. पण तेगूत कुणी असं करत नाही. तिनं आपल्या वाटीतला मांसाचा चांगला तुकडा काढून त्याच्या वाटीत ठेवला आणि म्हणाली, “एवढा खा. एवढ्यानं काही होत नाही.”

दुकानात परतताना दोघांच्या पावलांना सकाळचा जडपणा नव्हता. शिम मावशीनं दोघांची तोंडं बघितली आणि हातमोज्यांचे गठ्ठे बाजूला ठेवले. सुनिम सरळ लाल डब्याकडे गेली.

“ठरलं. हाच देऊन टाका.”

“अगं,” दालहो म्हणाला.

“काय अगं? सोमवारी जाणार मी. जाते म्हटलं ना? मग डबा माझ्या आवडीचा घेऊ दे.”

“टोळीत डबा चालतो की नाही ते तरी विचार.”

“विचारते की.” तिनं तिथल्या तिथे ग्वाक ताईंना फोन लावला आणि आवाज मोठा केला, म्हणजे नंतर मी ऐकलंच नाही असं कुणाला म्हणायला नको. “ताई, मी डबा आणला तर चालेल का? मोठा आहे जरा.”

“आण की गं,” ग्वाक ताईंचा खणखणीत आवाज दुकानभर पसरला. “खाली प्यो दादा असतात ना आमच्याकडे. सगळ्याजणींना हत्यारं तेच देतात. बस चालवायचे आधी, आता रिटायर झालेत. बायको गेली बिचाऱ्यांची, घरात करमत नाही, म्हणून येतात. फार सभ्य माणूस. तुझा डबापण सांभाळतील, तू काळजी करू नको.”

सुनिमनं फोन बंद केला. “बघा. चालतो.”

“डबा नको,” दालहो म्हणाला.

“का? जड आहे म्हणून? प्यो दादा उचलतील.”

“खळ जाते बिजागरीत.”

“प्यो दादा पुसतील. फार सभ्य माणूस आहे म्हणे.”

तिनं हे आपलं गमतीनं म्हटलं होतं. पण दालहोनं तिच्या हातातला डबा धरला, विसरून दोन्ही हातांनी धरला. ती घाबरून म्हणाली, “अहो, डावा हात,” आणि त्यानं तो हात काढून घेतला, पण उजव्या हातानं कडी धरून ठेवली.

“डबा घेतलास तर जमिनीवर ठेवशील,” तो म्हणाला. “तू वर असशील. छताकडे बघत असशील. हात मागे करशील, ते काही आता सुटायचं नाही तुझं. आणि तो बसवाला त्या हातात कटर ठेवेल.”

शिम मावशीला अचानक मागच्या फळीवर काहीतरी शोधायचं आठवलं.

“ते मला नाही चालणार,” दालहो म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता आणि तो तिच्याकडे न बघता त्या कडीशी बोलत होता. “पिशवी घे. कमरेला बांध. तुझं तू काढ, तुझं तू मोड, तुझं तू आत ठेव. सगळं जमेल तुला. कुणी काही देऊ नये तुला. एवढंच आहे माझं.”

फोन आल्यापासून सुनिम समजत होती की यानं आपल्याला देऊन टाकलं. सकाळपासून ती जी पिशवी झिडकारत होती, तिला वाटत होतं की ती एकटीला बाहेर ढकलायची पिशवी आहे. आणि हा माणूस तर घोडीखालची आपली जागा धरून बसला होता. स्वतः तिथे उभं राहता येत नाही, तर ती रिकामी राहिली पाहिजे, एवढाच त्याचा हट्ट होता.

“मग ग्वाक ताईंना हो का म्हणालात?”

“तू घरात बसून माझ्या हाताकडे बघत असतेस. ते मला सोसत नाही. छतं करणारी बाई आहेस तू.”

“एवढं होतं तर सकाळीच बोलायचं ना. मी आपली डबा घेऊन भांडतेय.”

“लाज वाटली.”

सुनिमनं डबा फळीवर ठेवला, नीट, झाकण लावून. मग तिनं दोन्ही हात अंगापासून लांब धरले आणि ती त्याच्यासमोर उभी राहिली. दालहोनं वाकून तिच्या कमरेभोवती पट्टा घेतला. पट्टा पुरुषांच्या मापाचा होता, शेवटच्या भोकातही ढिला पडला. शिम मावशीनं न विचारता भोक पाडायचा पंच पुढे केला. दालहोनं पट्टा काउंटरवर पसरला आणि एक नवं भोक पाडलं, मग थोडं अलीकडे आणखी दोन.

“दुसरं कशाला?” सुनिमनं विचारलं.

“थंडीत आत जाड कोट असतो तेव्हाचं.”

“आणि हे तिसरं?”

“जाड झालीस तर.”

“होऊ देतायत मला जाड, तीन कटरं घेऊन घोडीवर चढवून.”

तो बक्कल लावत होता. मग त्यानं काउंटरवरची हत्यारं एकेक करून तिच्या कप्प्यांत घातली आणि प्रत्येक वस्तू घालताना तिचा हात धरून तिथे नेला. इथे लहान कटर. इथे मोठं. हा नव्या पात्यांचा कप्पा, हा मोडलेल्यांचा. दर कागदाला मोड, कंजूसपणा करू नकोस. काय कुठे आहे हे तिला पहिल्यांदाच कळलं; ती डोळे मिटून हात फिरवत होती आणि सगळं जागच्या जागी होतं.

“पट्टा घट्ट होतोय का?” त्यानं विचारलं.

“होऊ दे.”

“कागदात गुंडाळून देऊ का?” शिम मावशीनं फळीआडून विचारलं.

“नको. घालूनच जाते.” सुनिमनं फोन काढला आणि पुन्हा ग्वाक ताईंना लावला. “ताई, डबा नाही आणत. पिशवी घेतली, कमरेची. हो, आधी बोलले होते, पण बदललं. आणि प्यो दादांना सांगून ठेवा, मला हातात काही द्यायला येऊ नका म्हणावं. माझं मी घेते.” पलीकडून ताईंनी काहीतरी विचारलं. सुनिमनं दालहोकडे बघत उत्तर दिलं. “माझ्या नवऱ्याला चालत नाही.”

ग्वाक ताई बराच वेळ हसत होत्या. दालहोनं तोंड फिरवलं आणि तो हातमोज्यांचे भाव वाचत उभा राहिला.